खर्जचा आवाज पुढे येत नाही

कार्यक्रम संपला की बॉस हमखास तिच्याजवळ यायचा. तोवर खर्जनं बेस गिटार पुसून पेटीत ठेवलेली असायची आणि केबल कोपराभोवती गुंडाळायला घेतलेली असायची. बॉस तिच्या छोट्या अ‍ॅम्पला बुटाच्या टोकानं हलकेच डिवचायचा आणि म्हणायचा, "बाकी सगळं छान. पण तुझा आवाज पुढे येत नाही गं. एखादं मोठं स्पीकरचं कॅबिनेट घेऊन टाक."

घेऊन टाक. चपलेचा अंगठा शिवून घे म्हणावं, इतक्या सहज.

"बघते," खर्ज म्हणायची, आणि केबलचा पुढचा वेढा इतका करकचून ओढायची की कोपरावर वळ उठायचा.

खर्ज हे काही तिचं खरं नाव नव्हे. बेस वाजवते आणि बोलतेही खालच्या पट्टीत, म्हणून ग्रुपमधल्या ड्रमवाल्यानं ते ठेवलं. तो अंगानं भरलेला, त्याला सगळे ढोल्या म्हणायचे, तेव्हा त्यानंही कुणाला तरी नाव ठेवणं ओघानंच आलं. घरी सासूबाईंच्या कानावर ते पहिल्यांदा गेलं तेव्हा त्यांना खरूज ऐकू आलं आणि त्या मलम शोधायला उठल्या. पण नाव चिकटलं ते चिकटलं. बॉसला मात्र कुणी टोपणनाव दिलं नव्हतं. कीबोर्ड त्याचा, लॅपटॉप त्याचा, कामं आणणारा तो, त्यामुळे तो बॉसच.

दिवसा खर्ज गाडी शिकवायची. शेजारच्या सीटवर ती, आणि तिच्या पायांशी वेगळा ब्रेक, वेगळा क्लच. शिकणारा ऐटीत चाक धरून बसलेला असायचा आणि गाडी थांबायची ती तिच्या पायानं. थांबल्यावर तो वळून म्हणायचा, "बघा, जमलं की नाही?" ती म्हणायची, "जमलं." एक निवृत्त हेडमास्तर होते, ते वळताना हात बाहेर काढून समोरच्या ट्रकला दटावायचे. एक बाई होती, ती चौक आला की डोळेच मिटून घ्यायची. खर्ज कुणावर आवाज चढवायची नाही. चढवला की शिकणाऱ्याचे हात थरथरायला लागतात आणि मग दोघांचंही काही खरं नसतं. त्यामुळे दिवसभराचा राग ती तसाच्या तसा घरी घेऊन यायची. नवरा दारातच तिचा चेहरा वाचायचा आणि "चहा टाकतो" म्हणून आत सटकायचा.

बेस तिच्या वाट्याला आला तो उंचीमुळे. कॉलेजच्या वाद्यवृंदात मुलींना गायचं होतं, मुलांना पुढे उभं राहून केस उडवत गिटार वाजवायची होती. जाड तारांच्या त्या लांब दांड्याच्या गिटारीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. "तू उंच आहेस, ही तू घे," असं म्हणून ती तिच्या गळ्यात मारली गेली. तिनं खालची तार छेडली, तो स्वर कानाआधी बरगड्यांत वाजला, आणि तिचं ठरून गेलं. पुढे लग्न, लेक, सासऱ्यांचं आजारपण. गिटार जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेली. लेक कॉलेजात जायला लागली तेव्हा ती खाली उतरली. बोटांवरचे घट्टे मऊ पडले होते, ते पुन्हा आणताना बोटांतून रक्त निघालं. बॉसच्या ग्रुपमध्ये जागा आहे असं कळल्यावर ती भेटायला गेली. बॉसनं तिला भिंतीपाशी गिटार घेऊन उभं केलं, मोबाईलवर फोटो काढला, चार ओळी वाजवून घेतल्या आणि "चालेल" म्हणाला. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "माणूस बरा वाटतोय. फार छळलं नाही."

कार्यक्रमाच्या पैशांचं घरात ठरलेलं होतं. अर्धे घरात, अर्धे तिच्या वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्याला कुणी हात लावायचा नाही. ते काही फुगलेलं खातं नव्हतं. त्यातून एखादीच मोठी वस्तू आली असती, किंवा बारीकसारीक दोन-तीन. चुकीची आली तर पुढची येईपर्यंत हात चोळत बसायचं. त्यात घरातलं वॉशिंग मशीन बंद पडलं. नवऱ्यानं तिच्या खात्याचं नाव काढलं नाही, फक्त बादलीत चादरी पिळताना तो जरा जास्तच कण्हायला लागला.

खर्जनं आधी स्वस्तातलं करून बघितलं. नव्या तारा चढवल्या. बॉस म्हणाला, नाही येत. मग ती खोलीत अ‍ॅम्पपुढे मांडी ठोकून बसली. खालच्या आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, मधल्या आवाजाचं पार बंद केलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, डबे फळीवरून सरकले, सासूबाई भूकंप म्हणून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. खर्ज खूश. आणि स्टेजवर तोच आवाज ढोल्याच्या मोठ्या ड्रमखाली चिरडून गेला.

"तू खोलीत एकटी बसून आवाज पसंत केलास," ढोल्या म्हणाला. "एकटीला गोड लागतो तो घोळक्यात मरतो. मधला वाढव. जरा नाकात बोलल्यासारखा वाटेल, वाटू दे. तोच पुढे जातो."

हे त्याचं बरोबर होतं. बेस वाजवणारा एकदा तरी या चुकीतून जातोच. तिनं मधला वाढवला, त्यासाठी पायानं दाबून आवाज बदलायची एक जुनी डबी विकत घेतली, खोलीत तो आवाज तिला अगदी सर्दी झाल्यासारखा वाटला, तरी सोसला. त्या कार्यक्रमाला लेकीला मुद्दाम बोलावलं.

"आला का गं आवाज?" परतताना गाडीत तिनं विचारलं.

"आला की. मस्त येत होता. त्या संथ गाण्यात तू मधेच घसरत खाली येतेस ना, ते तर भारीच."

खर्जनं तिच्याकडे बघितलं. त्या गाण्यात ती कुठेही घसरत नव्हती. सरळ, एकेक स्वर ठेवत जात होती.

"उगाच आईला बरं वाटावं म्हणून काहीतरी ठोकून देऊ नकोस."

"अगं, मी ऐकलंय."

"काय ऐकलंस? तिकडे बॉस म्हणतोय येतच नाही, आणि तू घसरगुंडी ऐकतेस. लक्ष मोबाईलमध्ये असणार."

लेक खिडकीकडे तोंड करून बसली. खर्जला वाटलं, कान नाही पोरीला, आणि वर खोटं बोलते.

बॉसनं जुन्या वाद्यांच्या दुकानात एक कॅबिनेट तिच्यासाठी बाजूला ठेवायला सांगितलं होतं. बघायला नवराही आला. तो कारखान्यात लेथवर काम करायचा, मोजपट्टी खिशात घेऊनच फिरायचा. कॅबिनेट चांगलं छातीएवढं उंच, कपड्यांच्या कपाटासारखं. त्यानं ते सगळीकडून मोजलं.

"जिन्याच्या वळणावर अडकणार," तो म्हणाला. "मग हे खाली राहील आणि आपण वर, नाहीतर आपण खाली आणि हे वर."

"ताई, आधी वाजवून तर बघा," दुकानदार म्हणाला.

तिनं वाजवलं. पोटातलं पाणी हललं. बाहेर रस्त्यावरच्या माणसानं थांबून आत डोकावलं. तिला ते इतकं हवंहवंसं वाटलं की त्याचाच राग आला.

"आणखी दोघं विचारून गेलेत," दुकानदार म्हणाला. दुकानदारांना असे दोघं कायम विचारून गेलेलेच असतात.

खात्यातलं सगळं त्यात गेलं असतं. दुकानाच्या उंबऱ्याशी उभी राहून ती विचार करत राहिली. गाडी ओढत नसेल तर ती आधी हँडब्रेक उतरवलाय का ते बघायची, इंजिन बदलायला निघायची नाही. आणि इथे तर आपला आवाज समोर बसून कसा ऐकू येतो हे तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. तिची जागा कायम मागे, ढोल्याच्या उजव्या हाताला. केबल तिथवरच पुरायची. हॉलचे मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून. मागे उभ्या माणसाला त्यांची नुसती घुमघुम ऐकू यायची, आणि ती घुमघुम आपलीच असं ती धरून चालली होती.

"हे नको," ती म्हणाली. "वायरलेस आहे का? जुना चालेल. कमरेला लावला की केबल लागत नाही तो."

दुकानदाराचा चेहरा उतरला. नवऱ्यानं मोजपट्टी खिशात टाकली आणि पहिल्यांदाच दुकानात मोकळा श्वास घेतला.

पुढचं काम एका कंपनीच्या वार्षिक समारंभाचं होतं. दुपारी हॉलवर पोचल्यावर तिच्या कमरेची डबी बघून बॉसच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय? तू नाचणार आहेस काय आता?"

"मागे जाऊन ऐकणार आहे, आवाज येतो का ते."

"ऐकायला मी आहे ना."

"तुम्हाला येत नाही म्हणता म्हणून तर."

बॉस काहीतरी पुटपुटला आणि त्यानं लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सरवाले काका बसलेले. ते दर वेळी सगळे आवाज तपासून घ्यायचे. ढोल्याकडून एकेक ड्रम, एकेक थाळी वेगळी वाजवून घ्यायचे, गाणाऱ्यांना घसा बसेपर्यंत बोलायला लावायचे. खर्जची पाळी आली की हात वर करून म्हणायचे, "ताई, तुमचं काय बघायचं? एकदम ओके." तिला ते इतके दिवस कौतुक वाटत आलं होतं.

तालमीचं पहिलं गाणं सुरू झालं. लॅपटॉपमधून व्हायोलिनं, टाळ्या, कोरस असं भरीचं संगीत यायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर बाकीच्यांनी वाजवायचं. खर्ज वाजवत वाजवत पायऱ्या उतरली. केबल मागे खेचत नव्हती, हेच तिला इतकं नवलाचं वाटलं की दोनदा तिनं वळून बघितलं. ती मधल्या रस्त्यानं मागे मागे गेली. आणि ऐकलं. आवाज येत होता. गोल, भरदार, अगदी स्वच्छ. दुकानातल्या त्या कपाटापेक्षाही चांगला. तिला बॉसचा राग आला आणि बरंही वाटलं. कानात बोळे घातलेत का या माणसानं, असं ती मनात म्हणाली.

खुर्च्या मांडणारा माणूस एकावर एक रचलेली खुर्च्यांची चळत ढकलत आला. "बाजू द्या बाई," म्हणाला. तिनं गिटार छातीशी घेतली, दोन्ही हात वर केले आणि अंग चोरून उभी राहिली.

बेस वाजतच होता.

चळत पुढे गेली. तिचे हात तसेच वर. तार हलत नव्हती, आणि हॉलभर तो गोल, भरदार, स्वच्छ स्वर चालत होता. एक ओळ गेली, दुसरी गेली. मग तो स्वर मधेच घसरत, सरसरत खाली आला.

तिनं गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग ती मिक्सरपाशी गेली.

"काका, माझं बटण कुठलं?"

काकांनी तिच्याकडे न बघता वरखाली सरकणाऱ्या एका पट्टीवर बोट ठेवलं. पट्टी तळाला होती, म्हणजे आवाज बंद. तिच्यावर धूळ बसली होती; शेजारच्या सगळ्या पट्ट्या बोटांनी घासून चकचकीत झाल्या होत्या.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, ताई. मला जे सांगतात ते मी करतो."

"पहिल्यापासून म्हणजे? मी वाजवलेलं एकदा ऐकलंत तरी का?"

"चांगलंच वाजवत असाल की," काका म्हणाले. त्यांना हे म्हणून दिलासा द्यायचा होता. तिला त्यांच्या टेबलाची लाथेनं शकलं करावीशी वाटली.

ती स्टेजकडे गेली ती पायऱ्यांपाशीच थांबली. वर चढली असती तर हात उचलला गेला असता.

"लॅपटॉपमध्ये बेस आहे," ती म्हणाली.

बॉसनं लाजायचेही कष्ट घेतले नाहीत. "असतो. सगळेच ठेवतात."

"मग मी काय करते तिथे?"

"हे बघ, समजून घे. पार्टीला स्टेजवर माणसं दिसायला लागतात. चार-पाच जण असले की ते भरल्यासारखं वाटतं. त्यात बाई बेस वाजवतेय, फोटोत छान दिसतं. लोक विचारतात तुझ्याबद्दल. पण आवाजाचा धोका कशाला घ्यायचा? लॅपटॉपमधला ट्रॅक कधी चुकत नाही, आजारी पडत नाही."

"मी कधी आजारी पडले?"

"तसं नाही गं म्हणत."

"मग माझा आवाज पुढे येत नाही, हे कशासाठी सांगत होतास?" इतके दिवस ती त्याला तुम्ही म्हणायची. आता जीभ आपणहून अरेतुरेवर आली होती आणि तिला ती आवरायची नव्हती. "कॅबिनेट घे म्हणून कुणासाठी मागे लागला होतास?"

"मागे उभं केलं की भारी दिसतं. तुझा तो अ‍ॅम्प म्हणजे टिफिनचा डबा वाटतो स्टेजवर."

म्हणजे तिच्या खात्यातून त्याला देखावा उभा करायचा होता. चुकली असती तरी कुणाला कळलं नसतं, हे तिला आत्ता उमगलं. ती चुकलीही होती, किती वेळा, आणि खाली उतरल्यावर लोक "वा, वा" म्हणाले होते, आणि तिला वाटलं होतं लोकांना काही कळत नाही. नवऱ्यानं पिळलेल्या त्या चादरी, लेकीशी झालेलं ते भांडण, बोटांवरचे फोड. सगळं कशासाठी, तर फोटोत छान दिसायला.

तिनं ढोल्याकडे बघितलं. ढोल्या काड्यांची टोकं तपासत होता.

"तुला माहीत होतं."

"मला वाटलं, तुलाही माहीत असेल."

"खोटं बोलू नकोस. मधला वाढव म्हणालास. डबी घ्यायला लावलीस. कुणासाठी वाढवत होते मी मधला, उंदरांसाठी?"

ढोल्याच्या कानात त्याचे हेडफोन असायचे, त्यात ट्रॅकमधलं एकेक वाद्य वेगळं ऐकू यायचं. त्याला माहीत नसणं शक्यच नव्हतं. बॉस परका होता, त्याच्या वागण्याला एक हिशोबी मतलब होता. पण ढोल्या तिच्या शेजारी उभा राहून घाम गाळायचा, गाणं जमलं की काडी उंचावून तिच्याकडे बघून हसायचा. तेच हसू तिला सर्वात जास्त डाचलं.

"आजपासून ट्रॅकमधला बेस बंद करायचा," ती बॉसला म्हणाली. "माझा उघडायचा."

"आज नाही. मोठी पार्टी आहे. पुढच्या वेळी बघू."

"आज."

"उगाच तमाशा करू नकोस. वाजव, घरी जा, उद्या फोनवर बोलू."

ती बाहेर व्हरांड्यात आली आणि लेकीला फोन लावला. "ती घसरत खाली येणारी जागा. तू खरंच ऐकली होतीस."

"मी सांगितलं होतं तुला."

"ती मी नव्हते."

लेकीला काही कळेना. खर्जनं थोडक्यात सांगितलं.

"आई, निघून ये. मी येऊ का गाडी घेऊन?"

"नको. निघून आले की त्याला काय, तो दुसरी उभी करेल. तुझ्यावर उगाच ओरडले त्या दिवशी."

"ते जाऊ दे. तू काही करू नकोस गं वेड्यासारखं."

"बघते," खर्ज म्हणाली, आणि हा शब्द आपण बॉसलाही असाच म्हणत आलो, हे आठवून तिला स्वतःचीही चीड आली.

संध्याकाळी हॉल भरला. दिवे लागले, गाणं सुरू झालं. ढोल्याची काडी पडली आणि बेस हॉलभर घुमायला लागला. खर्ज आपल्या जागेवरून निघाली, स्टेजच्या पुढच्या कडेपाशी येऊन थांबली, गिटार पोटावर लटकत ठेवली आणि दोन्ही हातांची घडी घातली.

बेस घुमतच राहिला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. दोघी तिच्या हातांकडे बघायला लागल्या. मागच्या रांगेतला एक जण उभा राहिला. गाण्यातला हा काही विनोद आहे असं वाटून थोडे हसले. मग दुसऱ्या कडव्यातही हात सुटेनात, तेव्हा ते हसणं वेगळं झालं. गाणारी बाई गाता गाता वळून बघायला लागली आणि तिची ओळ निसटली. बॉस कीबोर्डमागून दात विचकून हसत होता आणि दातांच्या फटीतून बोलत होता, "वाजव. वाजव म्हणतो ना." खर्ज समोर बघत होती. हातांची घडी घट्ट होती. गाडीत शेजारी बसून जशी ती रस्त्याकडे बघायची, तशीच ती लोकांकडे बघत राहिली.

गाणं संपलं. टाळ्या थोड्या आणि हशा जास्त. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, हात दुखले का?"

बॉस वाकून लॅपटॉपशी आला. "काय पाहिजे तुला?"

"सांगितलंय दुपारीच."

"माझं नाव खराब करशील."

"तुझं नाव माझ्या हातात होतं होय? मला कुणी सांगितलंच नाही."

त्यानं लॅपटॉपवर एक बटण दाबलं, ते इतक्या जोरात की त्याचा पडदा हलला. मग हॉलच्या टोकाकडे बघून हात वर केला. काकांची मान हलली.

पुढचं गाणं निघालं आणि खाली भलंमोठं भगदाड पडलं. तळ नसल्यासारखं गाणं तरंगायला लागलं. खर्जनं घडी सोडली. तिनं सूर लावला, तो लागला, दुसऱ्या ओळीत बोट एक घर पुढे पडलं. तो चुकीचा स्वर मोठ्या स्पीकरमधून हॉलच्या कानाकोपऱ्यात गेला. बॉस तिच्याकडे बघून 'बघितलंस?' अशी मान हलवायला लागला. हॉलभर गेलेल्या तिच्या पहिल्याच गाण्यात असा चुकीचा स्वर निघाला. तिनं दात आवळले आणि पुढचा बरोबर टाकला.

मग ती पायऱ्या उतरली. वाजवत वाजवत मधल्या रस्त्यानं निम्म्या हॉलपर्यंत गेली. लोक माना वळवून बघत होते. तिला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं, तिला ऐकायचं होतं. ट्रॅकसारखा तो भरदार नव्हता. जरा खरबरीत, जरा अंग चोरणारा. खालच्या दोन तारा ठणठणीत होत्या, तिसरी मात्र पुढे येता येता बसत होती. त्या तारेवरची सगळी वाक्यं अर्धवट ऐकू येत होती. इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, आणि कशावरून? तिथे उभी राहून, वाजवता वाजवता, तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते संतापानं.

कार्यक्रम संपल्यावर बॉस तिच्याजवळ आला नाही. लांबूनच, केबल गोळा करता करता म्हणाला, "पुढच्या कामाला मी दुसरं कुणीतरी बघतो."

"बघ. जरा उंचच बघ, फोटोत बरी दिसते," ती म्हणाली, आणि अ‍ॅम्प उचलला.

गाडीपाशी ढोल्या मागोमाग आला. पेटी डिकीत ठेवायला त्यानं हात पुढे केला. तिनं पेटी त्याच्या हातून काढून घेतली.

"खर्ज, राग धरू नकोस."

"धरणार."

"मी सांगणार होतो तुला."

"कधी? माझ्या निरोपसमारंभाला?"

"मलाही घर आहे गं. त्याला दुखवलं असतं तर..."

"तुला घर आहे म्हणून मी मुकी उभी राहायचं होय." तिनं डिकी आपटली. "चुकीच्या माणसाला दुखवलंस तू."

ढोल्या तिथेच उभा राहिला. तिनं गाडी काढली आणि पहिल्या वळणावर, कुणी शिकाऊ घेतो तसा, गिअर कर्रकन घासला.

सकाळी नवरा चादरी वाळत घालत होता. तिनं चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तो चिमटे तोंडात धरून ऐकत राहिला. शेवटी चिमटे काढून म्हणाला, "बरंच झालं. एकदाचं कळलं तरी."

"बरं झालं म्हणू नकोस."

"अगं, म्हणजे..."

"मी चुकले तेव्हा कुणाला कळलं नाही. चांगलं वाजवलं तेव्हाही नाही कळलं. इतकी वर्षं. यात बरं काय झालं ते मला सांग."

एक चादर झटकून त्यानं दोरीवर टाकली.

"आता कुठे वाजवणार?"

"माहीत नाही. विचारेन लोकांना. पण माझा आवाज आधी हॉलच्या मागे उभं राहून मी ऐकणार, मग हो म्हणणार."

दुकान उघडायच्या वेळेला तिनं दुकानदाराला फोन लावला. तारांच्या खाली बसवतात तो पिकअप तिला बदलायचा होता. तारेचं थरथरणं पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारी ती पट्टी.

"पिकअप कशाला, ताई?" दुकानदार म्हणाला. "तुमच्या बॉसनी सांगितलं का?"

"त्यानं नाही," खर्ज म्हणाली. "तिसरी तार पुढे पोचत नाही. मी स्वतः ऐकलंय."